रावबहादूर कै. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे 'दीनबंधु' पत्र

रविवार उजाडला की आपल्या ज्ञातिसंस्थांच्या सभा भरतात, मुलामुलींची स्थळे पाहिली जातात, दूर राहणारे आप्त एकमेकांच्या घरी जातात. हा दिवस आपणांस इतका अंगवळणी पडला आहे की, कष्टकऱ्यांसाठी तो कोणी झगडून मिळविला असेल, ही कल्पनाही मनास शिवत नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांस हा दिवस मिळवून देणारा पुरुष हा वृत्तपत्राचा संपादक होता. त्याच्या चरित्राचे स्मरण या स्मरणिकेत करणे उचित होय.

नारायणरावांचा जन्म 1848 साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. शिक्षण बेताचेच झाले. पोटासाठी काही काळ नोकरी केल्यावर ते मुंबईस मांडवी येथील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले, आणि तेथेच कामगारांचे जीवन त्यांस अगदी जवळून पाहावयास मिळाले. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, दुपारी नीटशी विश्रांती नाही, पगार केव्हा होईल याचा भरवसा नाही, यंत्रात हात सापडला तर भरपाई नाही. 1881 चा कारखान्यांचा कायदा झाला तो मुख्यत्वे मुलांच्या कामापुरता. प्रौढ कामगारांच्या पदरी त्यातून काहीच पडले नाही.

मराठीत वृत्तपत्रे नव्हती असे नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 1832 साली निघाले होते, पुढे 'ज्ञानप्रकाश', 'इंदुप्रकाश' यांसारखी पत्रे नांदू लागली होती. परंतु त्यांचे लिहिणारे व वाचणारे बहुधा शिकलेल्या वर्गातील असत. शेतकरी व मजूर यांच्याविषयी कधी काही छापून आले तरी ते त्यांच्या कानी पडत नसे. ही उणीव जाणून सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यात 'दीनबंधु' हे साप्ताहिक सुरू केले. ते वर्ष दुष्काळाचे. ज्यांच्यासाठी पत्र काढले, त्यांच्याच घरी अन्नाची भ्रांत, तेथे वर्गणी कोठून येणार? पत्र कर्जात बुडून बंद पडले. 1880 च्या मे महिन्यात नारायणरावांनी ते मुंबईस आणून पुनः चालू केले आणि पुढे गिरणीतील नोकरी सोडून त्यास वाहून घेतले.

संपादकाचा मार्ग सुखाचा नव्हता. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'ने 1883 साली छापली आणि पुढील प्रकरणे छापण्याचे थांबविले. जोतीरावांस याचा मोठा राग आला. पत्र टिकवावे की मनातील सर्व काही निर्भयपणे छापावे, हा पेच प्रत्येक संपादकापुढे येतो. नारायणरावांपुढेही तो आला, आणि त्यात गुरुतुल्य पुरुषाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. चरित्रकाराने ही गोष्ट झाकून ठेवू नये. मात्र पुढील दहा वर्षांत या पत्राच्या बळावर काय घडले, तेही पाहावे.

1884 च्या सप्टेंबरात परळ येथे कामगारांची सभा भरली. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळच्या वेळी पगार आणि इजा झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्याच वर्षी 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली व नारायणराव तिचे अध्यक्ष झाले. या संस्थेजवळ सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. सरकारी अहवालात या उणिवांची नोंद आहे. होते ते एक वृत्तपत्र. कामगारांपैकी बहुतेकांस अक्षरओळख नसे, म्हणून एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे. आपल्या गिरणीतील दुःख दुसऱ्या गिरणीतही तसेच आहे, हे ज्यास कळले, तो दैवास बोल लावीत बसत नाही. मागणी करावयास उठतो.

सहा वर्षे अर्जविनंत्या चालल्या. अखेर 24 एप्रिल 1890 रोजी भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, हे विशेष होय. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच साली सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामीही नारायणरावांचे साहाय्य घेण्यात आले, आणि 1891 च्या कायद्यात आठवड्याच्या सुटीस स्थान मिळाले. विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा निश्चय मुंबईतील नाभिक बांधवांनी 1890 मध्येच केला, त्यामागेही नारायणरावांची प्रेरणा होती.

पुढे सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता रुग्णांची सेवा करताना त्यांस त्याच रोगाने गाठले, आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. 2005 साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

या चरित्रापासून आपल्या कुटुंबांनी एक बोध अवश्य घ्यावा. छापलेला शब्द समाज घडवितो खरा, परंतु तो शब्द समाजानेच जगवावा लागतो. पुण्यात 'दीनबंधु' बंद पडले ते विचार खोटे होते म्हणून नव्हे, तर पैशावाचून. आपल्या घरी येणारी वार्तापत्रे व नियतकालिके आपण वाचतो काय, त्यांची वर्गणी वेळेवर देतो काय, आणि आपल्यातील जे दुर्बळ आहेत त्यांचे दुःख त्यांत छापून येते काय, याचा विचार येत्या रविवारी प्रत्येकाने क्षणभर करावा. ज्याने तो रविवार मिळवून दिला, त्यास तेवढी आदरांजली पुरेशी होईल.