पोकळीतला नाद मोजणारा लष्करी वैद्य

महानगरात सिग्नलला थांबलेल्या एखाद्या मोटारीतून येणारे दणके आता कोणाला नवे राहिलेले नाहीत. डिकीत बसविलेल्या सबवूफरची ती करामत. मात्र एकच सबवूफर एका गाडीत खोल आणि स्वच्छ वाजतो, तर दुसऱ्या गाडीत नुसताच घुमतो आणि गाण्यातले शब्द गिळून टाकतो. याचे कारण बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसते. ते असते त्याच्या लाकडी पेटीत आणि मोटारीच्या बंदिस्त पोकळीत. पोकळीतली हवा कोणत्या स्वराला साद देते, याचे शास्त्र ज्याने घडविले, त्या जर्मन वैज्ञानिकाचे निधन मोटारींचे युग खऱ्या अर्थाने सुरू होण्यापूर्वीच, १८९४ मध्ये झाले. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ हे त्याचे नाव. विशेष म्हणजे हा माणूस शिक्षणाने वैद्य होता आणि तोही परिस्थितीने झालेला.

३१ ऑगस्ट १८२१ रोजी प्रशियातील पॉट्सडॅम येथे हेल्महोल्ट्झ यांचा जन्म झाला. वडील तेथील शाळेत शिक्षक होते. घरात तत्त्वज्ञान, भाषा आणि संगीत यांचे वातावरण होते. पैसा मात्र बेताचाच होता. लहानपणी सतत आजारी असणाऱ्या या मुलाला पाठांतर जमत नसे. भूमितीत आणि भौतिकशास्त्रात मात्र त्याचे मन रमे. भौतिकशास्त्र शिकण्याची त्याची इच्छा पुरी करणे वडिलांच्या ऐपतीबाहेरचे होते. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षणाचा खर्च सरकार उचलत असे. बदल्यात आठ वर्षे सैन्यात वैद्य म्हणून नोकरी करावी लागे. १८३८ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी ती अट मान्य केली.

पदवी मिळाल्यानंतर पॉट्सडॅमच्या छावणीत नेमणूक झाली. तेथे या तरुण वैद्याने बराकीतच छोटी प्रयोगशाळा थाटली. स्नायूंच्या आकुंचनातून किती उष्णता निर्माण होते, याचा शोध घेता घेता तो एका फार मोठ्या तत्त्वापाशी पोहोचला. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, ती केवळ रूप बदलते, हे त्याने १८४७ मध्ये बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे गणिताच्या आधारे मांडले. तेव्हा त्याचे वय होते अवघे २५ वर्षे. त्या काळच्या अग्रगण्य शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकांनी हा निबंध नाकारला. अखेर तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात असतो, तो ज्या मोजक्या लोकांमुळे, त्यांत हेल्महोल्ट्झ यांचे नाव अग्रभागी आहे.

१८४८ मध्ये लष्करी सेवेतून त्यांची मुदतीआधीच मुक्तता झाली आणि पुढच्याच वर्षी ते कोनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे त्यांनी मोजून दाखविले, तोवर हा वेग मोजताच येणार नाही असा समज होता. तो निघाला सेकंदाला अवघा सुमारे २७ मीटर. जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतील पडदा पाहता येईल असे नेत्रदर्शक उपकरणही त्यांनी याच काळात तयार केले. नेत्रवैद्यकाचे स्वरूपच त्यामुळे बदलले आणि हेल्महोल्ट्झ यांचे नाव युरोपभर झाले.

डोळ्यानंतर त्यांनी कानाकडे मोर्चा वळविला. बॉन येथे आणि १८५८ पासून हायडेलबर्ग येथे त्यांच्यापुढे प्रश्न होता तो असा : सनई आणि व्हायोलिन यांवर एकच स्वर तितक्याच जोराने वाजविला, तरी कान दोन्ही वाद्ये वेगळी कशी ओळखतो? त्यांचे उत्तर असे, की कोणताही सांगीतिक नाद एकटा नसतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर उमटत असतात आणि त्यांच्या कमी-अधिक प्रमाणावर नादाचा रंग ठरतो. हे सिद्ध करायचे तर मिश्रणातून एकेक उपस्वर वेगळा काढायला हवा. त्यासाठी त्यांनी काच आणि पितळेचे पोकळ गोल वापरले. गोलाला एका बाजूला तोंड आणि दुसऱ्या बाजूला कानात बसेल असे निमुळते टोक. प्रत्येक गोल एकाच स्वराला साद देई. तो कानाला लावून दुसरा कान बंद केला, की बाकी सारे आवाज मंदावत आणि तेवढाच स्वर घुमत असे. हाच हेल्महोल्ट्झ अनुनादक.

त्यामागचे तत्त्व रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली तरी अनुभवता येते. बाटलीच्या मानेतील हवा वजनासारखी वागते आणि पोटातील हवा स्प्रिंगसारखी. मान लांब केली तर स्वर खाली उतरतो. तोंड रुंद केले किंवा पोट लहान केले तर तो वर चढतो.

या संशोधनाचा काळ त्यांच्या संसारासाठी मात्र अतिशय कठीण होता. ओल्गा दीर्घकाळ आजारी होत्या. १८५९ च्या जूनमध्ये वडील गेले आणि डिसेंबरच्या अखेरीस ओल्गा यांचेही निधन झाले. पदरात दोन लहान मुले होती. टोके उघडी असलेल्या नळ्यांतील हवेच्या कंपनांवरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध याच दिवसांतला. तो १८६० मध्ये छापून आला. नळीच्या तोंडाशी थांबलेली दिसणारी हवा प्रत्यक्षात थोडी बाहेरपर्यंत हलत असते, त्यामुळे नळी मोजपट्टीवर दिसते त्याहून अधिक लांब असल्याप्रमाणे वागते, हे त्यांनी गणिताने दाखविले. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी दुसरा विवाह केला आणि १८६३ मध्ये स्वरसंवेदनांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. १८७५ मध्ये तो अलेक्झांडर एलिस यांच्या भाषांतरामुळे इंग्रजीत आला. विद्यार्थिदशेत त्याने प्रभावित झालेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी पुढे तबला आणि मृदंग यांच्या उपस्वरांचा अभ्यास केला. आपल्या मनावर संस्कार करणाऱ्या तीन ग्रंथांत त्यांनी या ग्रंथाची गणना केली आहे.

मोटारीतील सबवूफरच्या पेटीला जी नळी किंवा फट ठेवलेली असते, ती म्हणजे याच अनुनादकाची मान. स्पीकरच्या मागच्या बाजूचा वाया जाणारा आवाज अशा नळीतून उपयोगात आणण्याची रचना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांच्या नावावर १९३२ मध्ये पेटंट झाली. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात तिला पक्के गणिती रूप दिले. हिशेब साधा आहे. ५० लिटरच्या पेटीला १० सेंटिमीटर व्यासाची आणि २० सेंटिमीटर लांबीची नळी बसविली, तर पेटी सुमारे ४१ हर्ट्झला घुमते. नळी ३५ सेंटिमीटर केली की हाच आकडा सुमारे ३३ हर्ट्झवर येतो. हेल्महोल्ट्झ यांनी दाखविलेली नळीची अदृश्य लांबी यात धरली नाही, तर उत्तर चुकते. म्हणूनच जाणते कारागीर नळी आधी थोडी लांब ठेवतात आणि मग कापत कापत स्वर जुळवितात. नेमक्या त्या स्वराला स्पीकरचा पडदा सर्वांत कमी हलतो, हीच जुळल्याची खूण. त्याहून खालच्या स्वरांना मात्र पडद्याला हवेचा आधार उरत नाही आणि जोर जास्त असेल तर तो फाटू शकतो.

यानंतर येते मोटारीची पोकळी. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरहून अधिक असते. मोटारीचा अंतर्भाग त्याच्या निम्माही नसतो. इतक्या खोल स्वरांना लहर म्हणून पसरण्यास तेथे जागाच नसते. आतली सारी हवा एकदम दाबली आणि सैल सोडली जाते आणि स्वर जसजसा खाली जाईल, तसतसा तो अधिक जोरकस होत जातो. दारांच्या फटी आणि पत्र्याची थरथर यामुळे हा लाभ प्रत्येक गाडीत वेगळा असतो. म्हणून मोकळ्या खोलीत सुरेख वाजणारी पेटी मोटारीत ठेवताच जड वाटू लागते. चालकाच्या आसनाशी मायक्रोफोन ठेवून आधी गाडीचा स्वभाव मोजायचा आणि मग पेटीचा स्वर त्याहून खाली उतरवायचा किंवा नळी नसलेली बंद पेटी निवडायची, हा त्यावरील उपाय. धावत्या गाडीची मागची एकच काच उघडली असता कानावर जे धपधप आदळते, तोही हेल्महोल्ट्झ अनुनादच. त्या वेळी सबंध गाडीच बाटली झालेली असते.

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिन येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या विषयासाठी घरात पैसा नव्हता, त्याचे अध्यापन त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर लाभले. विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करणारे हाइनरिश हर्ट्झ हे त्यांचेच शिष्य. ध्वनीच्या कंपनांची मोजणी आज याच शिष्याच्या नावाने होते. चार्लोटेनबुर्ग येथील राष्ट्रीय मापन संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. अखेरची वर्षे पुन्हा दुःखाचीच ठरली. १८८९ मध्ये मुलगा रॉबर्ट गेला आणि १८९४ च्या पहिल्याच दिवशी हर्ट्झही गेले. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ यांची प्राणज्योत मालवली.

कानातही वेगवेगळ्या स्वरांना साद देणारे अनुनादक ओळीने मांडलेले असावेत, अशी त्यांची कल्पना होती. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी पुढे कानातील लहरींचा प्रवास प्रत्यक्ष पाहून ती बरीच बदलली. त्यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र निरनिराळे स्वर कानात निरनिराळ्या जागी उमटतात, हा हेल्महोल्ट्झ यांच्या विचाराचा गाभा टिकून राहिला. पेटीचे माप चुकले तर नळी कापून ते सुधारता येते. कानातील नाजूक पेशी मात्र मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बंद काचांआड दणके वाढवीत नेणाऱ्यांनी, आवाजाचे शास्त्र एका वैद्याने घडविले आहे, याचे स्मरण ठेवलेले बरे.