धनंजयराव गाडगीळ : मोजून पाहणारा अर्थशास्त्रज्ञ

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी सरांनी आम्हाला आपापल्या गावातील तीस घरांची पाहणी करायला सांगितली. माझे गाव शिरगाव. पालघरपासून जवळ, सातपाटीचे शेजारी. किनाऱ्यावर जुना किल्ला आणि समोर समुद्र. घरात माणसे किती, कमावती किती, शाळेत जाणारी किती, शाळा सोडलेली किती, असे साधे प्रश्न होते. दिवाळीच्या सुट्टीत एकवीस घरे कशीबशी झाली. उरलेल्या नऊ घरांच्या प्रश्नावल्या मी ओटीवर बसून अंदाजाने भरल्या. गावातलीच माणसे, त्यांची मला काय माहिती नाही, अशी मनाची समजूत घातली. त्या नऊ घरांत आमचेही घर होते.

सरांनी कागद चाळले. ते रागावले नाहीत. ग्रंथालयात जाऊन डॉ. गाडगीळांविषयी वाच, एवढेच त्यांनी सांगितले. हा लेख त्या वाचनाचे फळ आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म 10 एप्रिल 1901 रोजी नाशिकला झाला. शालेय शिक्षण नागपुरात झाले आणि पुढे ते केंब्रिजला गेले. तेथे भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो 1924 साली ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. परत आल्यावर काही वर्षे ते सुरतेला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 1930 साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुढची छत्तीस वर्षे त्यांनी ती सांभाळली.

त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे परदेशी ग्रंथांतील सिद्धान्त, अशीच बहुतेकांची समजूत होती. गाडगीळांनी आपल्या सहकाऱ्यांना बाजारात आणि रस्त्यावर पाठवले. संस्थेच्या पहिल्या पाहण्यांपैकी एक होती पुण्यातील फळबाजाराची (1933). बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कोणाकोणाच्या हातून जाते, हे त्यात तपासले होते. 1935 साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीचा अहवाल निघाला. आपली एस.टी. धावू लागली ती 1948 मध्ये. त्याच्या कितीतरी आधी हा माणूस खाजगी मोटारींचा हिशेब मांडत होता. मग पुणे शहराची पाहणी झाली, वाई तालुक्यातील शेतीची झाली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाहणीत (1948) त्यांनी सरकारला पाणीपट्टी किती मिळाली एवढ्यावर हिशेब थांबवला नाही. त्या पाण्यामुळे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ कोणाकोणाला झाला, तेही मोजले.

मोजणी करून ते स्वस्थ बसले नाहीत. प्रवरेच्या काठी लोणीच्या शेतकऱ्यांना घेऊन विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखान्याचा ध्यास घेतला, तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950-51 च्या हंगामात कारखान्याने ऊस गाळला. ग्रंथातला सहकार चिखलात पाय रोवून उभा राहिला तो असा.

1967 साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राचे साहाय्य कसे वाटायचे, यावर तोवर ठरीव नियम नव्हता. 1969 मध्ये जो नियम मान्य झाला त्याला पुढे गाडगीळ सूत्र हेच नाव पडले. काही अडचणीतील राज्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्या रकमेचे साठ टक्के लोकसंख्येवर. आणि दरडोई कमी उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प, खास अडचणी यांना प्रत्येकी दहा टक्के. त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटाने एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपवण्याची दिशा दाखवली. 1971 साली त्यांनी पद सोडले आणि त्याच वर्षी 3 मे रोजी त्यांचे निधन झाले. नियोजन मंडळही आता इतिहासजमा झाले आहे.

याच पिढीतले कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली हवेच्या प्रवाहाचे गणित शिकले. त्यांनी बंगळूरला रचलेले एच.टी.-2 विमान 1951 मध्ये उडाले. मला वाटते, विमानाच्या आकड्यात लबाडी केली तर विमानच ती उघडी पाडते. अर्थशास्त्रातली लबाडी तशी चटकन दिसत नाही. तिचा भुर्दंड दुसऱ्याच्या घरात, अनेक वर्षांनी पडतो.

हे मला कळले ते वि. म. दांडेकरांबरोबर गाडगीळांनी केलेल्या सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या पाहणीवरून (1955). शाळेत घातलेली मुले मध्येच किती गळतात, आणि शाळा सुटलेली माणसे शिकलेले वाचन पुढे विसरतात काय, असे तिचे प्रश्न होते. ते वाचताना मला आमच्या घराची प्रश्नावली आठवली. शाळा सोडलेली मुले : शून्य. असे मी लिहिले होते.

माझी ताई पाचवीत असताना आई मासळी घेऊन पालघरच्या बाजारात जाऊ लागली. मी तेव्हा दोन वर्षांचा. मला सांभाळायला कोणीतरी हवे होते, म्हणून ताईची शाळा सुटली. मी शिकलो तो तिच्या कडेवर बसून. आणि मोजताना तिलाच विसरलो!

त्या रात्री मी कोरी प्रश्नावली ताईपुढे ठेवली आणि वाचायला सांगितले. पहिली ओळ तिने बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचली. दुसऱ्या ओळीला ती थांबली, हसली आणि चुलीवर भात आहे म्हणून उठून गेली. भात केव्हाच उतरवलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी उरलेल्या आठ घरांत गेलो. अंदाजाने मी त्या आठ घरांत एकच मूल शाळा सोडलेले दाखवले होते. प्रत्यक्षात पाच निघाली. आमच्या घरातले सहावे. नवा तक्ता सरांना देताना पहिला खोटा होता हेही सांगितले. सरांनी दोन्ही तक्ते एकत्र टाचून ठेवले.

गाडगीळांना मी पाहिलेले नाही. ते गेले तेव्हा माझा जन्मही नव्हता. पण आता रकान्यात आकडा लिहिताना हात जरा थांबतो. त्या आकड्यामागे कोणी बसले आहे का, हे आधी पाहून घेतो.