हॅम्लेटला मराठीत आणणारे आगरकर

गोपाळ गणेश आगरकर म्हटले की आपल्याला ‘सुधारक’ आठवतो, टिळकांशी झालेला वाद आठवतो. शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणणारेही तेच, हे मात्र पटकन आठवत नाही.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी. शिक्षणासाठी वणवण करत ते वऱ्हाडात अकोल्याला नातेवाइकांकडे आले आणि तिथूनच १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. (आज वाशिम जिल्ह्यात असलेला शेलूबाजार-मंगरूळपीरचा भाग १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होता.) अकोल्यात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनींचा आधार मिळाला. पुढे महाजनींनीही शेक्सपिअरची नाटके मराठीत आणली.

१८८१ मध्ये आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना वेडे ठरवून त्यांचा छळ होत असल्याचा आरोप ‘केसरी’ने दिवाण माधवराव बर्व्यांवर केला. पुरावा म्हणून छापलेली पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तिथे आगरकरांनी हाती घेतले ते ‘हॅम्लेट’. राजवाड्यातले कारस्थान आणि वेडा समजला गेलेला राजपुत्र! योगायोग असेलही, पण निवड बोलकी आहे. १८८३ मध्ये हे भाषांतर ‘विकारविलसित’ नावाने प्रसिद्ध झाले.

या नाटकाचा कणा म्हणजे नाटकातले नाटक. बापाचा खून काकाने केला, असा राजपुत्राला संशय आहे, पण पुरावा नाही. मग तो आलेल्या नटमंडळींकडून तशाच खुनाचा प्रसंग राजासमोर करवून घेतो आणि रंगमंचाकडे न पाहता राजाचा चेहरा न्याहाळतो. कानात विष ओतण्याचा प्रसंग येतो आणि राजा मध्येच उठून जातो. आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नव्हते. सूत्रधार आणि नटी आधी नाटकाविषयीच बोलत. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तही शेवटच्या अंकात रामासमोर नाटक होते. पण तिथे नाटकातून मीलन घडते, इथे गुन्हेगार उघडा पडतो.

आगरकरांच्या वाट्याला असा एक खेळ खुद्द आला. १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यातल्या लिखाणाने चिडलेल्या पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्याच घरावरून नेली. जिवंतपणी स्वतःची अंत्ययात्रा पाहावी लागलेला हा माणूस त्यानंतरही लिहीतच राहिला. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने पोखरलेले शरीर फार टिकले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले.

‘विकारविलसित’ मात्र पुस्तकात अडकून पडले नाही. शाहूनगरवासी मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशींचा चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, खूप गाजला.