एकट्याने चालवलेले मासिक २६ वर्षे कसे टिकले? र. धों. कर्वे आणि ‘समाजस्वास्थ्य’ची गोष्ट

नोकरी गेली, पोलिसांनी अटक केली, न्यायालयाने दंड ठोठावला, ओळखीच्या लोकांनी अंतर राखले. तरीही एक गणिताचा प्राध्यापक दर महिन्याला मासिकाचा अंक काढत राहिला. त्यामागे संस्था, पक्ष किंवा धनिक नव्हता. आज स्वतःचे चॅनेल, स्वतःचे प्रकाशन किंवा स्वतःचा सिनेमा काढणाऱ्यांना स्वतंत्र निर्माते म्हणतात. त्यांच्यापुढचा सर्वात अवघड प्रश्न असतो, आपले काम कोण बंद पाडू शकते? रघुनाथ धोंडो कर्वे यांना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पडला होता. त्यांनी त्याचे उत्तर कसे शोधले आणि त्यासाठी काय मोजले?

थोडक्यात

• जन्म १४ जानेवारी १८८२, मुरूड (रत्नागिरी). मृत्यू १४ ऑक्टोबर १९५३
• १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र
• १९२५ मध्ये प्राध्यापकी सोडली
• जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक
• अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर

कोण होते र. धों. कर्वे?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. १८९१ मध्ये त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी धोंडोपंतांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्या काळी ब्राह्मण कुटुंबात विधवाविवाह म्हणजे गावाचा रोष ओढवून घेणे. मुरूडमध्ये कर्वे कुटुंबावर बहिष्कार पडला. लोकांच्या मनाविरुद्ध वागले की काय होते, हे रघुनाथने लहानपणीच घरात पाहिले होते.

अभ्यासात ते फार हुशार होते. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली आणि गणित शिकवू लागले. पहिल्या महायुद्धानंतर ते पॅरिसला गेले आणि तिथे गणिताचे पुढचे शिक्षण घेऊन परतले. फ्रेंच भाषेवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते. इतकी शैक्षणिक पात्रता असलेल्या माणसाला मुंबईत सुखाने प्राध्यापकी करत निवृत्त होता आले असते.

मग नोकरी का सोडली?

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. देशातल्या अशा पहिल्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले प्रसिद्ध केंद्र उघडले तेही याच वर्षी. मूल कधी हवे, किती हवे आणि हवे की नको, हे जोडप्याला आणि मुख्यतः बाईला ठरवता आले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. सततच्या बाळंतपणांनी बायकांचे शरीर झिजते, अनेकींचा जीव जातो, याकडे ते पुन्हा पुन्हा लक्ष वेधत. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरचे पुस्तकही आले.

त्या वेळी ते विल्सन कॉलेजमध्ये शिकवत होते. मिशनरी संस्थेच्या या कॉलेजला प्राध्यापकाचे हे काम मान्य होणे कठीण होते. शेवटी प्रचार किंवा नोकरी यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली. १९२५ मध्ये कर्वे यांनी राजीनामा दिला.

पगार बंद झाला, पण कर्वे यांच्या कामाला हरकत घेऊ शकणारा मालकही उरला नाही.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये काय असायचे?

जुलै १९२७ मध्ये मासिकाचा पहिला अंक निघाला. व्यक्तीचे आणि समाजाचे शारीरिक व मानसिक आरोग्य हा त्याचा विषय. त्यातही ज्याबद्दल घरात, शाळेत किंवा दवाखान्यात कोणी बोलत नसे, त्या कामजीवनावर भर. संततिनियमनाची साधने, गुप्तरोग, विवाह, घटस्फोट, वेश्याव्यवसाय, आहार, व्यायाम, धर्माच्या नावाने चालणाऱ्या रूढी असे सगळे विषय त्यात येत.

मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर ही लपवण्याची किंवा लाजण्याची गोष्ट नाही, हे त्यांना पहिल्या पानापासून सांगायचे होते. ‘शारदेची पत्रे’ हे सदर वाचकप्रिय होते.

मासिकाचा प्राण होता तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. लग्न झालेले, न झालेले, लाजलेले, घाबरलेले लोक पत्रांतून प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना सरळ मराठीत उत्तरे देत. उपदेश कमी, माहिती जास्त. आज मोबाइलवर दोन सेकंदांत शोधता येणाऱ्या गोष्टी तेव्हा विचारायच्या कोणाला, हाच प्रश्न होता. डॉक्टरांकडे जायची लाज आणि घरात बोलायची सोय नाही, अशा माणसाला हे मासिक टपालाने घरी येत होते.

एकट्याने मासिक चालायचे कसे?

कर्वे यांचे प्रकाशन साध्या घरगुती गणितावर चालत होते.

पहिली गोष्ट, खर्च कमी. बरेचसे लेखन ते स्वतः करत. प्रुफे तपासण्यापासून अंक वाचकांना पाठवण्यापर्यंतची बरीच कामे त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी सांभाळली. संपादक, लेखक, व्यवस्थापक अशा वेगवेगळ्या माणसांचे पगार द्यायचे नव्हते.

दुसरी गोष्ट, पैसा वाचकांकडून. वर्गणी, पुस्तकांची विक्री आणि संततिनियमनाच्या साधनांची विक्री यांवर भिस्त होती. यातून श्रीमंती येणार नव्हतीच. मासिकाला तोटा झाला की तो स्वतःच्या खिशातून भरावा लागे. पण कुणी देणगीदार नाराज झाला म्हणून लेख मागे घ्यावा लागेल, अशी वेळ येत नव्हती.

तिसरी गोष्ट, नाव लपवायचे नाही. १८६७ च्या कायद्यानुसार प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक होते. मोठ्या संस्थेत ही जबाबदारी अनेकांत वाटली जाते. एकट्याच्या मासिकात ती वाटून घेणारे कोणी नसते. अंकात काही आक्षेपार्ह आढळले तर पोलिसांनी कोणाच्या दारात जायचे, हे उघड होते.

खटले कशासाठी झाले?

पहिला खटला १९३१ चा. व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखामुळे सनातनी मंडळी खवळली आणि कर्वे यांच्यावर अश्लील लेखनाचा आरोप ठेवण्यात आला. त्यांना १०० रुपये दंड झाला.

दुसरा खटला जास्त गाजला. १९३३ च्या अखेरच्या अंकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना अटक झाली. या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याआधीच्या चार वर्षांत आंबेडकर गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून देशाच्या राजकारणाच्या मध्यभागी आले होते. अशा वेळी एका बदनाम मासिकाचे वकीलपत्र घेण्यात त्यांचा राजकीय फायदा काहीच नव्हता.

आंबेडकरांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही. लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना शास्त्रीय माहिती मिळाली पाहिजे. विकृती वाटते ती ज्ञानानेच दूर होऊ शकते. न्यायालयाने हे मान्य केले नाही. एप्रिल १९३४ मध्ये कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

आंबेडकरांचा या विषयातला रस खटल्यापुरता नव्हता. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात, असा प्रस्ताव त्यांच्या पक्षाकडून आला. त्या दिवशी आंबेडकर उपस्थित नसल्याने तो पी. जे. रोहम यांनी मांडला. सभागृहाने तो फेटाळला.

कायद्यानुसार ‘अश्लील’ म्हणजे काय होते?

कर्वे का हरले, हे समजून घ्यायचे तर तेव्हाची कसोटी पाहावी लागते. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ अश्लील साहित्यासाठी होते. पण अश्लील कशाला म्हणायचे, हे ठरवताना न्यायालये १८६८ च्या ‘हिकलिन’ या इंग्लंडमधील निकालाचा आधार घेत. ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होऊ शकतो अशांच्या हाती मजकूर पडला तर तो त्यांना बिघडवेल का, हा त्यातला निकष होता.

म्हणजे लेखकाचा हेतू चांगला असला, माहिती खरी असली, वाचकाने स्वतः विचारली असली, तरी त्याचा फारसा उपयोग नव्हता. प्रौढ वाचकासाठी लिहिलेला मजकूर सर्वात कच्च्या मनाच्या काल्पनिक वाचकाला लावून तपासला जाई. या कसोटीवर आरोग्याचे बरेचसे खरे लेखन नापास झाले असते.

विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्येसाठी लोकहितार्थ केलेले प्रकाशन या कलमातून वगळण्याची स्पष्ट तरतूद १९६९ च्या दुरुस्तीने आली. तोवर कर्वे यांना जाऊन १६ वर्षे झाली होती. हिकलिनची कसोटी तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बाजूला ठेवली. आता कलम २९२ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली आहे आणि लोकहिताचा अपवाद त्यातही आहे.

विरोध फक्त सनातन्यांचा होता का?

नाही. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना महात्मा गांधींचाही विरोध होता; त्यांचा भर संयमावर आणि ब्रह्मचर्यावर होता. कर्वे यांनी या भूमिकेवर उघड टीका केली. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या ऐन काळात ते सनातन्यांना नकोसे होतेच, राष्ट्रीय विचारांच्या अनेकांनाही पटत नव्हते.

सुधारकांचीही एक मर्यादा होती. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांपर्यंत साथ देणारे लोक कर्वे यांच्या पुढच्या मुद्द्यांवर थबकत. स्त्रीलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, असे ते लिहीत. नग्नतेत पाप नाही, असेही लिहीत. शब्द गुळमुळीत करून चार वर्गणीदार वाढवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एखाद्या मोठ्या मासिकाच्या संपादक मंडळाने हे लेख छापले असते, असे मानणे कठीण आहे. स्वतःचे मासिक असल्यामुळेच ते छापले गेले. पण या एकटेपणामुळेच ते फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचले, हेही खरे.

किंमत कोणी मोजली?

कर्वे यांच्याबरोबर मालतीबाईंनी. १९११ मध्ये लग्न झाले तेव्हा त्या एका प्राध्यापकाच्या घरात आल्या होत्या. काही वर्षांत त्या घरात नियमित पगार उरला नाही आणि दारात पोलीस येऊ लागले. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी घेतला आणि आयुष्यभर पाळला. अपत्य नसलेल्या बाईला तेव्हा जे ऐकावे लागे, ते नवऱ्याच्या वाट्याला येत नसे. स्वतंत्र निर्मात्याच्या गोष्टीत मालक नाही, प्रायोजक नाही असे आपण कौतुकाने म्हणतो. तो खड्डा भरण्यासाठी घरातल्या माणसाचे बिनपगारी श्रम लागतात, हे मालतीबाईंच्या आयुष्यातून दिसते.

पुढे काय झाले?

१९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेणारा भारत जगातला पहिला देश ठरला. ज्या विषयासाठी कर्वे यांची नोकरी गेली, तो आता सरकारी योजनेचा भाग झाला होता.

पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी कर्वे यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ चा अंक ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा ठरला. मासिक चालवणारी दुसरी फळी नव्हती, त्यामुळे ते थांबले. पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांच्या वडिलांना भारतरत्न मिळाले. महर्षी १९६२ पर्यंत हयात होते.

रघुनाथरावांची आठवण महाराष्ट्राला सावकाश झाली. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले. अमोल पालेकर यांनी २००१ मध्ये ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. त्यात किशोर कदम यांनी कर्वे साकारले. अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक त्यांच्यावरच्या खटल्यांवर उभे आहे.

आज चॅनेल एका क्लिकवर सुरू होते आणि पुस्तक घरबसल्या छापून घेता येते. साधने स्वस्त झाली. पण पैसा कोणाकडून येतो, जबाबदारी कोणाच्या नावावर आहे आणि आपल्यानंतर काम कोण चालवणार, हे तीन प्रश्न तसेच आहेत. कर्वे यांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या नावावर घेतली. तिसऱ्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही, म्हणून २६ वर्षे अनेकांच्या विरोधाला न जुमानणारे मासिक संपादकाबरोबरच संपले.