माळव्याची गाडी आणि जोतीराव

पुण्याच्या मंडईचा उंच अष्टकोनी मनोरा लांबूनही ओळखू येतो. १८८६ साली ही इमारत खुली झाली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून लोक तिला रे मार्केट म्हणू लागले. आज ती महात्मा फुले मंडई आहे. भाजीबाजाराला माळ्याच्या घरात जन्मलेल्या थोर पुरुषाचे नाव असावे, हे सर्वांना स्वाभाविक वाटते. मात्र एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात नसते. ही इमारत बांधण्याचे नगरपालिकेत घाटत होते, तेव्हा तिला विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांत स्वतः जोतीराव फुले होते.

भाजीच्या धंद्यात वाढलेल्या माणसाने भाजीबाजाराच्या इमारतीला का बरे विरोध करावा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की जोतीरावांच्या चरित्राची एक वेगळीच बाजू समोर येते. मुलींची शाळा काढणारे, आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे, सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव आपल्या चांगले परिचयाचे आहेत. मळा करणारे, ठेके घेणारे, जमाखर्च लिहिणारे जोतीराव त्या मानाने अंधारात राहिले. खरे तर शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे जे निदान त्यांनी केले, त्याची मुळे याच अनुभवात आहेत.

फुलांनी दिलेले आडनाव

घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण आणि मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे आजोबा शेटिबा पोटापाण्यासाठी आधी पुरंदर भागात खानवडीला आणि मग पुण्याला आले. त्यांच्या राणोजी, कृष्णा आणि गोविंद या तीन मुलांनी फुलांच्या कामात हात बसवला. फुलांचे गालिचे, हार, गजरे ही त्यांची कामे पेशव्यांच्या दरबारात पसंतीला उतरली, इनाम जमीन मिळाली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. पेशवाई १८१८ साली बुडाली. धाकट्या गोविंदरावांचा संसार पुढे मळ्यावर आणि दुकानावर चालला.

११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. ते वर्षाचेही नव्हते तोच आई चिमणाबाई वारल्या. सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. प्राथमिक शाळेत मुलगा चांगली प्रगती करीत होता. पण माळ्याच्या पोराला शिकवून काय करायचे, शिकला तर शेतीतून उठेल, असे वडिलांच्या मनात भरवणारे लोक भेटले. गोविंदरावांनी त्याला शाळेतून काढले आणि मळ्यात व दुकानात कामाला लावले.

शेजारी राहणारे गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. मधली दोन-तीन वर्षे वाया गेली, असे चरित्रे वाचताना आपल्याला वाटते. पण पुढचे लेखन पाहिले की ती वाया गेली नव्हती, हे पटते.

दिवसाचा माल

भाजीचा धंदा हा इतर शेतमालाच्या धंद्यासारखा नाही. ज्वारी पेवात राहते, गूळ माळ्यावर राहतो. मेथीची जुडी सकाळी ताठ असते, दुपारी मान टाकते. भाव पडला म्हणून धान्य चार महिने राखून ठेवता येते. कोथिंबीर चार दिवसही ठेवता येत नाही. त्यामुळे भाजी पिकवणारा बाजारात येतो तो आधीच अडलेला असतो. समोरच्या व्यापाऱ्याला हे ठाऊक असते. त्याला फक्त थांबायचे असते.

त्यात हंगामाचा फेरा असतो. वांगी, गवार, दोडके एका मळ्यात तयार झाले की आसपासच्या दहा मळ्यांतही तयार झालेले असतात. सगळ्यांचा माल एकाच वेळी पेठेत येतो आणि भाव कोसळतो. भाव चढलेला असतो तेव्हा मळा रिकामा असतो. मोटेचे पाणी, खत, खुरपणी, तोडणी या साऱ्यांत घरादाराचे कष्ट गेलेले असतात आणि त्यांचे मोल अर्ध्या दिवसात ठरते. ते ठरवण्यात कष्ट करणाऱ्याचा वाटा सर्वांत कमी असतो. माळ्याच्या घरातल्या मुलाला हे कुणी पुस्तकातून शिकवावे लागत नव्हते.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. गावाचा रोष वडिलांच्या दारापर्यंत आला आणि १८४९ साली या जोडप्याला घर सोडावे लागले. घर सुटले म्हणजे घरचे दुकान आणि घरचा मळाही सुटला. समाजकार्य करायचे तर पोटाला स्वतंत्र आधार हवा, हे जोतीरावांना तेव्हाच उमगले असावे. त्यांनी काही काळ मिशनच्या शाळेत शिक्षकी केली आणि मग ते व्यवसायात उतरले.

ठेकेदार, बागाईतदार

१८६३ च्या सुमारास धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. पुढे पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला बांधकामाचे साहित्य पुरवले. कात्रजच्या बोगद्याच्या कामाचाही ठेका घेतला. सरकारी बांधकामांत पैसा कुठे मुरतो, मजुराच्या हाती किती पडतो आणि कागदावर किती दिसतो, हे या काळात त्यांनी जवळून पाहिले.

खडकवासल्याच्या धरणाचे पाणी मुठेच्या कालव्यातून हडपसर, मांजरीच्या बाजूला खेळू लागले. शेतकरी मात्र ते पाणी घ्यायला कचरत होते. पाणीपट्टी डोईजड होईल, एकदा सरकारचे पाणी घेतले की जमिनीवर भलताच बोजा बसेल, अशी धास्ती होती. जोतीरावांनी मांजरीला जमीन घेतली. ती साठ एकरांच्या आसपास होती. कालव्याच्या पाण्यावर त्यांनी तिथे बागाईत उभी केली. सांगण्यापेक्षा करून दाखवावे, हा त्यांचा स्वभावच होता.

आणि करून पाहिल्यामुळेच त्यातली खोटही त्यांना दिसली. कालव्याचे पाणी नेमके गरजेच्या वेळी मिळाले नाही, तरी पट्टी मात्र चुकत नसे. भाजीच्या वाफ्याला चार दिवस पाणी चुकले की पीक हातचे जाते. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने पाणी मोजून देणारी तोटी बसवून द्यावी, अशी सूचना त्यांनी पुढे लिहून ठेवली. पाणी मोजून द्यावे आणि दिलेल्या पाण्याचेच पैसे घ्यावेत, हा विचार त्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला होता.

नगरपालिकेच्या खुर्चीवरून

१८७६ साली सरकारने जोतीरावांची पुणे नगरपालिकेवर नेमणूक केली. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. धनकवडीला त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. नगरपालिकेत ते गप्प बसणारे सभासद नव्हते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे म्हणून त्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. त्याच वर्षी शहरात दारूची दुकाने वाढवण्यालाही त्यांनी लेखी हरकत घेतली.

तेव्हा पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. तो हलवून नव्या, भव्य इमारतीत न्यायचा बेत होता. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनी त्याला विरोध केला. नगरपालिकेचा पैसा दगडी इमारतीत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची भूमिका होती. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते. इमारत झाली.

इथे एक पेच आहे आणि तो डोळ्याआड करू नये. नगरपालिकेचा कारभार जकातीवर चाले. ज्या संस्थेत जोतीराव बसत होते, तीच संस्था शहरात येणाऱ्या भाजीवर जकात घेत होती. म्हणजे हा माणूस मळेकरी होता, व्यापारी होता आणि कर घेणाऱ्या मंडळाचा सभासदही होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल सभासद अशीच दिली. पत्ता होता जुना गंज पेठेचा. शेतकऱ्यांच्या मुलांना लिहिण्यावाचण्याबरोबर हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती द्यावी, अशी मागणी त्यांनी त्या निवेदनात केली. ज्याला वजन आणि आकडा कळत नाही तो बाजारात लुबाडला जातो, हे भाजीवाल्याच्या मुलाइतके कोणाला ठाऊक असणार?

रिकामी गाडी

हंटर आयोगाला निवेदन दिल्यानंतर वर्षभरातच, १८८३ साली, जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. या ग्रंथात धर्माच्या नावाने होणारी लूट आहे, सरकारी खात्यांतली लाचखोरी आहे, सावकार आहे, शेतसारा आहे. त्यातच गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याचे एक छोटेसे चित्र आहे. माळवे म्हणजे मळ्यातली भाजी. हा शेतकरी माल विकतो. नगरपालिकेची जकात जाते. वजनात कमीजास्त करणारा दलाल आपला वाटा काढून घेतो. उरलेले गाडीभाड्याला पुरत नाही, ते पदरचे भरावे लागते. घरी मुलेबाळे वाट पाहत असतात आणि बाप रिकाम्या हाताने परततो.

चित्र दोन-चार ओळींचेच, पण त्यात सगळा हिशेब आहे. शेतकरी गरीब का, याची त्या काळी अनेक उत्तरे दिली जात. तो आळशी आहे, लग्नकार्यात उधळतो, अडाणी आहे, असे सांगितले जाई. जोतीरावांनी त्याच्या परतीच्या गाडीत डोकावून पाहिले. तो माल आणतो, कष्ट आणतो, तरी जाताना काही नेत नाही. मग मधे ते कुठे गेले? हा प्रश्न त्यांनी विचारला आणि वाटेवरचा एकेक हात दाखवून दिला. त्यांत नगरपालिकेचा हातही त्यांनी लपवला नाही.

दीनबंधु पत्रात या ग्रंथाची सुरुवातीची प्रकरणे छापून आली आणि पुढची छापण्याचे संपादकांनी टाळले. मग जोतीरावांनी तो गावोगावी वाचून दाखवला. जुन्नर, ओतूर आणि भाजीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हडपसरलाही त्याचे वाचन झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला. टीका करून ते थांबले नाहीत. ताली-बंधारे घालून माती आणि पाणी अडवावे, विहिरी-तलाव व्हावेत, उत्तम पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, असे उपायही त्यांनी सुचवले.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ चिपळूणकरांकडे मेजवानी होती. जडजवाहीर ल्यालेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी घेऊन गेले. दारावर त्यांना अडवल्याचे सांगतात. आत गेल्यावर त्यांनी राणीच्या मुलाला बजावले की हे दागिने म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा पाहायची तर खेड्यात जावे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या सभेत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे पक्षाघाताने उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हाताने शेवटचा ग्रंथ लिहिला. अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

पुणे शहराने त्यांना लवकर आपले म्हटले नाही. १९२५ साली केशवराव जेधे यांनी त्यांचा पुतळा उभारण्याची सूचना नगरपालिकेत आणली, ती फेटाळली गेली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. विरोध करणाऱ्याचेच नाव त्या वास्तूला लागले, हा काळाने घेतलेला सूड म्हणावा की केलेला सन्मान?

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला. १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला, जकात नाके उठले, २०१६ साली फळे-भाजीपाला समित्यांच्या नियंत्रणातून मोकळा झाला आणि शहरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरू लागले. यातली प्रत्येक सुधारणा जोतीरावांनी दाखवलेल्या कुठल्या ना कुठल्या हाताला आवर घालण्यासाठीच होती. तरीही कधी टोमॅटो, कधी कोथिंबीर रस्त्यावर ओतून देणाऱ्या शेतकऱ्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतोच. जोतीरावांची कसोटी साधी होती. बाजार किती मोठा, इमारत किती सुंदर, हे त्यांनी विचारले नाही. गाडी घरी परतताना तिच्यात मुलांसाठी काय होते, एवढेच त्यांनी विचारले.