मलिक अंबर

मध्ययुगात युरोपखंडात राजा, त्याखाली सरदार, व सर्वांखाली जमिनीस जखडलेली कुळे अशी समाजाची उतरंड होती. आपल्या दख्खनेतही सुलतान, जहागीरदार, देशमुख, पाटील व तळाशी कुणबी असे. त्या तळाच्याही खालून वर आलेल्या एका पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

मलिक अंबर इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि हातोहात फिरत अहमदनगरास निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी आला. धनी वारल्यावर त्याने शिपाईगिरी पत्करिली. इ. स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा राजकुळातील मुर्तजा यास गादीवर बसवून त्याने बुडते राज्य सावरिले. आपला बीडचा मुलूखही त्या ओढाताणीत सापडला होता. इ. स. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले.

त्यापूर्वी वसुलीचा मक्ता देत, आणि मक्तेदार रयतेस पिळून काढीत. अंबराने मक्ते मोडिले, जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविला, आणि वसुली गावच्या पाटलाकडे सोपविली. आपणांस काय द्यावयाचे हे कुणब्यास आधीच कळू लागले.

इ. स. १६२६ मध्ये तो वारला; त्याची कबर खुलताबादेस आहे. दहा वर्षांनी निजामशाहीही बुडाली. समाजाची उतरंड त्याने मोडिली नाही, हे खरे. तथापि जो स्वतः बाजारात विकला गेला, त्यास गरिबाच्या खळ्याची किंमत कळली, असे आम्हांस वाटते.