गहुलीचे नाईक आणि ठेंगणी ज्वारी

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली हे बंजारा समाजाचे छोटे गाव. १ जुलै १९१३ रोजी तिथे वसंतराव नाईक जन्मले. शाळेसाठी या गावाहून त्या गावाला पायपीट, मग नागपूर, मग वकिली. काही काळ त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम केले आणि नंतर पुसद गाठले. पक्षकार बहुतेक शेतकरीच. जमिनीचे वाद, सावकाराचे कर्ज, बांधावरची भांडणे यांतून शेतीचे अर्थकारण त्यांना कोर्टातच समजले. १९४१ मध्ये वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी हे सोपे नव्हते.

नगराध्यक्ष, आमदार, उपमंत्री, कृषिमंत्री, महसूलमंत्री अशा पायऱ्या चढत ते डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. पण या सदराला त्यांच्यात रस आहे तो एका बियाण्यामुळे.

१९६५-६६ मध्ये देशात दुष्काळ होता. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेला गहू मिळे. राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे नाईकांनी पुण्यात जाहीरपणे म्हटल्याची आठवण आजही सांगितली जाते. त्यांची भिस्त होती संकरित ज्वारीवर.

ज्वारीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे ती बहुतांशी स्वतःच स्वतःला फळवते. दोन वाणांचा संकर करायचा तर प्रत्येक फुलातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतील. एकराला पुरेल एवढे बियाणे असे कधीच तयार झाले नसते. अमेरिकेतल्या संशोधकांना १९५० च्या दशकात परागच न धरणारी ज्वारी मिळाली आणि वाट मोकळी झाली. अशा वांझ-पराग ओळींशेजारी दुसरा वाण पेरायचा, वारा उरलेले काम करतो. त्यातूनच भारतात १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. ठेंगणा, लवकर येणारा, खत मानवणारा.

उत्पन्न वाढले, यात वाद नाही. पण गावात कुरबुरही सुरू झाली, आणि ती अडाणीपणाची नव्हती. गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची, तिचा कडबा जनावरांना वर्षभर पुरायचा. ठेंगण्या ताटाचा कडबा तो किती? लवकर पिकणाऱ्या कणसावर परतीचा पाऊस पडला की दाणा बुरशीने काळा पडे आणि बाजारात भाव पडे. खोडमाशी लागे. भाकरीला ती चव नाही, असे घरच्या बायका म्हणत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरचे बी संपले. संकरित पिकाचा दाणा पुन्हा पेरला तर ताटे उंच-बुटकी, मिश्र निघतात. म्हणून दरवर्षी पिशवी विकत घेणे आले. जालन्यात १९६४ मध्येच महिकोची स्थापना झाली होती, बियाण्याचा धंदा आकार घेत होता. शेतकऱ्याच्या कणगीतले बी दुकानात गेले, हा बदल नाईकांच्या काळातला.

संशोधन कुठे व्हावे, हाही राजकारणाचाच प्रश्न ठरला. कृषी विद्यापीठ अकोल्याला हवे म्हणून विदर्भ पेटला; आंदोलनात माणसे दगावली. मुख्यमंत्री विदर्भाचे आणि रस्त्यावर उतरलेले लोकही विदर्भाचेच! १९६८ मध्ये राहुरीचे विद्यापीठ झाले, १९६९ मध्ये अकोल्याचे. त्याला नाव मिळाले पंजाबरावांचे. १९७२ मध्ये परभणी आणि दापोली आले. एका राज्यात चार विद्यापीठे हे थोडे शास्त्र, थोडी प्रादेशिक तडजोड. तडजोड मात्र वाया गेली नाही, कारण विदर्भातल्या काळ्या कोरडवाहू जमिनीचे प्रश्न राहुरीच्या उसाला कळणारे नव्हते.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा नव्या बियाण्याची मर्यादा उघडी पडली. पाणीच नसेल तर खत मानवणारा वाण करणार काय? लाखो माणसे खडी फोडायला गेली, लाल मिलो आणि सुकडीवर जगली. रोजगार हमी योजनेची सुरुवात त्याच वर्षांतली. स्वयंपूर्णतेचा शब्द पुरता खरा ठरला नाही. हमीने रोजगार देण्याची कल्पना मात्र पुढे देशभर गेली.

सत्ता गेल्यावर ते खासदार झाले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. यवतमाळच्या खरिपात ज्वारी आता फारशी दिसत नाही. कापूस आणि सोयाबीन आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांतूनच, त्यामुळे तेही बी घरी राखता येत नाही. बोंडअळीला आवरण्यासाठी आलेल्या या कापसावर कीटकनाशकांची फवारणी थांबली नाही, आणि २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले. मृग लागला की पुसदच्या कृषी केंद्रांसमोर पिशव्यांसाठी आजही गर्दी होते.